ऑपेरा आणि कॉन्चेर्टोच्या रेकॉर्ड्स जमवायच्यात? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या जागी रेकॉर्ड्सचं कपाट आहे, त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी कपाट बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि मग साधारण हेच प्रश्न विचारतो. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळलो म्हणून एकदाचं लिहून काढलं. क्रम वगैरे काही नाही, आठवले तसे.

कॉन्सर्टो म्हणायचं का कॉन्चेर्टो?

इटालियन लोक कॉन्चेर्तो म्हणतात. म्हणजे एका वाद्याने अख्ख्या ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची रचना. तुम्ही काहीही म्हणा, दुकानदाराला कळतं.

यूट्यूबवर सगळं फुकट आहे, मग विकत कशाला घ्यायचं?

सगळं आहे, मान्य. मीही आधी तिथेच ऐकतो. पण ऑपेराचा एक अंक म्हणजे सलग वाहणारं संगीत असतं, आणि ॲपवर त्याचे पंचवीस तुकडे केलेले असतात, फोनची सेटिंग गंडलेली असली की दोन तुकड्यांच्या मध्ये अर्धा सेकंद ठणठणाट, किंवा ऐन मरणाच्या प्रसंगात गृहकर्जाची जाहिरात. शिवाय नाव टाकून शोधलं की कंडक्टर (म्हणजे समोर उभं राहून काठीने ऑर्केस्ट्रा चालवणारा) एक, फोटो दुसऱ्याचा, साल तिसरंच. जुन्या खोक्यात ही भानगड नाही. कोण गायलं, कधी, कुठल्या हॉलमध्ये, सगळं छापलेलं, आणि सोबत लिब्रेटो म्हणजे शब्दांचं पुस्तक, एका बाजूला इटालियन किंवा जर्मन आणि शेजारी इंग्लिश. मी निम्मे पैसे त्या पुस्तकाचेच मोजतो असं समजा.

त्यांच्याकडे सगळं लिहूनच ठेवलेलं असतं ना? मग एकाच गोष्टीची दहा-दहा रेकॉर्डिंग्ज कशाला?

हा खरा प्रश्न, आणि हा जो विचारतो त्याला मी चहा देतो.

आपल्याला वाटतं की राग तोच असला तरी प्रत्येक गवई वेगळा मांडतो, पण यांच्याकडे तर प्रत्येक सूर कागदावर, मग वेगळं काय होणार. तर इंग्लिश संगीतकार एल्गरचा चेलो कॉन्चेर्टो घ्या (चेलो म्हणजे बसून पायांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन). दोन रेकॉर्डिंग्ज. एक १९२८ चं, बिआट्रिस हॅरिसन वाजवतेय आणि समोर काठी घेऊन स्वतः एल्गर. दुसरं ऑगस्ट १९६५ चं, जॅकलिन दु प्रे, वय २०, सोबत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि जॉन बार्बिरोली. सुरुवातीला एकट्या चेलोचे चार जाड कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजवलेले अनेक सूर, आहेत. दु प्रे ते असे ओढते की तारेतून गज निघतच नाही असं वाटतं. मग हळूच क्लॅरिनेट वगैरे उत्तर देतात, चेलो एकटाच काहीतरी पुटपुटत वर चढतो, आणि मुख्य सुरावट येते ती चेलोकडून नाही तर व्हायोलांकडून (व्हायोलिनची जरा मोठी बहीण), अगदी उघडी, खाली कशाचा आधार नाही. मग चेलो ती उचलतो, आणि थोड्या वेळाने एक लांबलचक चढण आहे, खालच्या तारेपासून पार वरपर्यंत, आणि ती टोकाला पोचली की सगळा ऑर्केस्ट्रा कोसळतो. दु प्रेची ती चढण ऐकताना हातातला कप खाली ठेवावा लागतो. अतिशयोक्ती नाही, करून बघा.

आता हॅरिसनचं लावा. तेच सूर, पण चाल भराभर, रडारड कमी, एखादा म्हातारा दुःखाची गोष्ट सरळ आवाजात सांगतो तसं. आणि हे तर खुद्द ज्याने लिहिलं त्याच्या काठीखाली झालंय! मग बरोबर कोण? मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून दोन्ही ठेवलीत. (गंमत म्हणजे १९१९ मध्ये या कॉन्चेर्टोचा पहिला प्रयोग झाला, पुरेशा तालमी न होता, आणि सगळा चुथडा झाला, तेव्हा मागे चेलोंच्या रांगेत बसून वाजवणाऱ्यांत हेच बार्बिरोली होते, तरुण पोरगा. सेहेचाळीस वर्षांनी ते काठी घेऊन उभे.)

म्हणजे कृती जमवायच्या नसतात, मैफली जमवायच्या असतात. आपण नाही का, यमन जमवतो म्हणत नाही, अमक्याचा यमन म्हणतो. तसंच.

ठीक आहे, पण पहिली घेऊ कुठली?

ऑपेरात पुच्चिनीची ‘टोस्का’. १९५३, मिलानचं ला स्काला थिएटर, मारिया कॅलास, ज्युसेप्पे दी स्तेफानो, तितो गोब्बी, कंडक्टर व्हिक्टर द साबाता. ही शिफारस इतकी घासून गुळगुळीत झालीय की काही जाणकार मुद्दाम दुसरं नाव सांगतात. मी नाही सांगणार. जवळपास पावणेदोन-दोन तासांचं काम, दोन सीडीत बसतं, गोष्ट एखाद्या मारधाड सिनेमासारखी: गायिका, तिचा चित्रकार प्रियकर आणि रोमचा नालायक पोलीसप्रमुख स्कार्पिया.

पहिल्यांदा ऐकताना दुसरा अंक आधी ऐका, मी परवानगी देतो. शेवटाकडे टोस्का स्कार्पियाला सुरी खुपसते. तो मेलाय याची खात्री झाल्यावर ती म्हणते, याच्यापुढे अख्खं रोम थरथरत होतं. हे वाक्य बहुतेक सगळं एकाच खालच्या सुरावर आहे, गाणं जवळजवळ नाहीच. कॅलास ते म्हणते तेव्हा विजय नाही, राग नाही, फक्त एक बाई प्रेताकडे बघून आश्चर्य करतेय, एवढाच होता का हा. त्यानंतर गाणं नाही, फक्त ऑर्केस्ट्रा. ती मेणबत्त्या प्रेताच्या दोन बाजूंना ठेवते, छातीवर क्रूस ठेवते, लांबून ढोलांचा आवाज येतो आणि ती सटकते. डोळ्यांनी काहीच दिसत नसताना सगळं दिसतं.

पण ती मोनो आहे ना? जुना आवाज खरखरतो.

मोनो आहे (म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज), खरखरत नाही. १९५३ मध्ये टेप आली होती, एलपी येऊन पाच वर्षं झाली होती. खरखर असते ती ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या काळातल्या रेकॉर्डिंगांना. एक मात्र सांभाळा: साठ-सत्तरच्या दशकात जुन्या मोनो रेकॉर्डिंगांना यंत्रावर चढवून खोटं स्टिरिओ केलेल्या एलपी निघाल्यात, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड’ असं दिसलं की परत ठेवा.

कॅलासच्या मूळ ईएमआय कंपनीच्या टेप्स आता वॉर्नर कंपनीकडे आहेत आणि २०१४ मध्ये त्यांनी सगळ्या नव्याने साफ करून काढल्या. नवीन घेणार असाल तर त्या बघा.

भाषेचं काय? ओ की ठो कळत नाही.

मराठी माणसाने हे विचारू नये खरं तर. ‘सौभद्र’ बघायला जाणारे निम्मे लोक कथा पाठ असूनच जातात, पुढे काय होणार हे बघायला नाही, कसं गातात ते ऐकायला जातात. तसंच करा. आधी अंकाची गोष्ट मराठी-इंग्लिश जिथे मिळेल तिथे वाचा, मग पुस्तक मांडीवर घेऊन एकदा ओळ-ओळ धरून ऐका, तिसऱ्यांदा पुस्तक मिटून. फरक एवढाच की आपल्याकडे गद्य संवाद संपला की पद सुरू होतं, इथे बहुतेक वेळा संवादसुद्धा गातातच. मोझार्टच्या इटालियन ऑपेरांत तो संवाद हार्पसिकॉर्डच्या साथीने भरभर बोलल्यासारखा असतो, नवख्याला तिथे कंटाळा येतो. येऊ द्या, सगळा विनोद तिथेच आहे.

हायलाइट्सची एक सीडी घेतली तर चालेल?

नको. आमटीतल्या नुसत्या शेंगा काढून वाढल्यासारखं.

सोल्टीची ‘रिंग’ घेऊ का? सगळे म्हणतात घे.

घ्या, पण वर्षभर थांबून. वॅग्नरच्या एकाच मालिकेतले चार ऑपेरे, कंडक्टर सोल्टी, चौदा सीडी, चौदा तासांच्या वर. माझ्या ओळखीतल्या किमान तिघांकडे हा खोका प्लास्टिकसकट आहे.

त्याआधी फक्त पहिला भाग, ‘दास राइनगोल्ड’, सुटा घ्या. डेक्का कंपनीने व्हिएन्नाच्या सोफियनझाल नावाच्या हॉलमध्ये १९५८ मध्ये केला (तो हॉल २००१ मध्ये जळाला). निर्माता जॉन कल्शॉ. त्याचं म्हणणं असं की रेकॉर्ड म्हणजे स्टेजवरच्या प्रयोगाचा फोटो नाही, घरात बसलेल्या माणसासाठी कानांचं थिएटर पाहिजे. म्हणून वॅग्नरने लिहिलेत तेवढे अठरा ऐरण त्याने खरोखर मिळवले आणि वाजवले. देव पाताळात उतरतात तेव्हा ऑर्केस्ट्रा हळूहळू मागे जातो आणि नुसते हातोडे उरतात, ठण-ठण ठणठण. खालच्या मजल्यावरच्या काकांनी वर येऊन विचारलं होतं की बाथरूमचं काम काढलंय का.

आणि सुरुवात तर आपल्या माणसाला फारच जवळची. खाली डबल बेस एकच सूर धरतात, मग त्याच्यावर भोंगे, म्हणजे हॉर्न, एकेक करून आठ, आणि चार-साडेचार मिनिटं सूर बदलतच नाही, नुसता भरत जातो. तानपुरा जुळवून झाल्यावर खोली भरते ना, ते. बाकीचे तीन भाग १९६२ ते १९६५ मध्ये झाले. ‘राइनगोल्ड’ पचलं, आवडलं, परत परत लावलं, तरच पुढचे बारा तास.

गाण्याशिवाय, नुसत्या कॉन्चेर्टोंत काय काय असावं?

माझी यादी, कोणालाही न विचारता केलेली.

डेनिस ब्रेनने वाजवलेले मोझार्टचे चार हॉर्न कॉन्चेर्टो, कंडक्टर कारायन, फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा, १९५३. हॉर्न हे वाद्य इतकं बेभरवशाचं की भले भले त्यावर घसरतात, आणि हा माणूस शीळ घातल्यासारखा वाजवतो. १९५७ मध्ये एडिनबरोहून रात्री गाडी चालवत परत येताना अपघातात गेला, वय ३६.

क्लारा हास्किल, मोझार्टचे पियानो कॉन्चेर्टो क्रमांक २० आणि २४, कंडक्टर मार्केविच, नोव्हेंबर १९६०. पुढच्याच महिन्यात ब्रुसेल्सला स्टेशनवर पडून ती गेली. रेकॉर्डिंग ऐकताना हे माहीत नसलेलं बरं, नाहीतर उगाच प्रत्येक सुरात मरण ऐकू यायला लागतं, आणि त्यात मरण नाहीये, नुसता स्वच्छपणा आहे.

झिनेट नवू, सिबेलिअसचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, १९४५. हीसुद्धा अपघातातच गेली, विमानाच्या, तिशीत. (यादी करताना लक्षात आलं की माझे आवडते सगळे अपघातवालेच आहेत. मुद्दाम नाही.) हायफेट्झचं १९५९ चं सिबेलिअस जास्त चकचकीत आहे आणि स्टिरिओही, पण तो बर्फावरून स्केटिंग करत जातो आणि नवू त्याच बर्फातून पाय रोवत जाते.

द्वोर्झाकचा चेलो कॉन्चेर्टो, रोस्त्रोपोविच आणि कारायन, बर्लिन, १९६८. डॉइच ग्रामोफोन कंपनीच्या पिवळ्या लेबलची ही एलपी जुन्या बाजारात बऱ्यापैकी दिसते, दिसली की उचला. रिख्टरने वाजवलेला रखमानिनोव्हचा पियानो कॉन्चेर्टो क्रमांक २, वॉर्सा, १९५९, तोही पिवळ्या लेबलचा. आणि त्याच्यासोबत रखमानिनोव्हने १९२९ मध्ये स्वतः वाजवलेलं ऐका. सुरुवातीचे घंटेसारखे कॉर्ड्स रिख्टर इतके सावकाश टाकतो की देवळात उभं असल्यासारखं वाटतं, रखमानिनोव्ह स्वतः मात्र फार थांबत नाही, कामं पडलीत म्हणाल्यासारखा पुढे निघतो.

व्हॅन क्लायबर्नने वाजवलेला चायकोव्स्कीचा पियानो कॉन्चेर्टो, १९५८. शीतयुद्धाच्या ऐन धुमाळीत टेक्ससमधला २३ वर्षांचा पोरगा मॉस्कोत जाऊन रशियनांचीच स्पर्धा जिंकून आला, त्यानंतर लगेच केलेलं रेकॉर्डिंग. तेव्हा धडाधड खपलं, त्यामुळे आजही सहज मिळतं. थोर आहे का? चांगलं आहे. गोष्ट जास्त थोर आहे.

बाख, विवाल्दी वगैरे मी मुद्दाम सोडलेत. तिथे आता जुन्या पद्धतीची वाद्यं घेऊन वाजवणाऱ्यांनी सगळं उलटंपालटं केलंय आणि नवीन रेकॉर्डिंग्जच जास्त ताजी वाटतात.

लाइव्ह चांगलं का स्टुडिओ?

ऑपेरा असेल तर मी शक्यतो स्टुडिओ, कारण स्टेजवर पाय आपटल्याचे आवाज आणि खोकणारे लोक. पण स्टुडिओ म्हणजे सगळं खरं असं नाही हां. कंडक्टर फुर्टवेंग्लरची १९५२ ची, वॅग्नरची ‘ट्रिस्टान’ घ्या, गायिका फ्लागस्टाड तेव्हा ५६ वर्षांची, आवाज म्हणजे खणखणीत सोनं पण अगदी वरचे दोन सूर पोचेनात, तर ते एलिझाबेथ श्वार्झकॉफने शेजारी उभं राहून गाऊन दिले. नंतर बोभाटा झाला. मला काही फरक पडत नाही, चार तासांत दोन सूर.

लाइव्हमधलं एकच असं आहे जे नुसतं गमतीसाठी तरी असावं: एप्रिल १९६२, कार्नेगी हॉल, ग्लेन गूल्ड ब्राम्सचा पहिला पियानो कॉन्चेर्टो वाजवणार आणि त्याआधी कंडक्टर बर्नस्टाइन पुढे येऊन लोकांना सांगतो की ही लय मला पटलेली नाही, पण ऐका. सगळं भाषण रेकॉर्डिंगमध्ये आहे. आपल्याकडे तबलजीने मैफलीत असं सांगितलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा.

यात आपल्याकडचं कोणी आहे का?

आहे तर. पुच्चिनीच्या ‘टुरांडोट’चं १९७२ चं डेक्काचं रेकॉर्डिंग, कंडक्टर झुबिन मेहता, मुंबईत जन्मलेले, ज्यांच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. गायला सदरलँड, पावारोत्ती, काबाय्ये. सदरलँडने ही भूमिका स्टेजवर कधीच केली नाही, फक्त या रेकॉर्डवर. आणि १९९० च्या फुटबॉल वर्ल्ड कपला यातलं ‘नेस्सून दोर्मा’ हे गाणं घरोघरी पोचलं ते बीबीसीने याच रेकॉर्डवरचं वाजवलं म्हणून. पहिला ऑपेरा ‘टोस्का’, तर दुसरा हा, बिनधास्त.

अजून एक धागा मला फार आवडतो. १९०२ च्या एप्रिलमध्ये फ्रेड गाइसबर्ग नावाचा माणूस मिलानच्या हॉटेलात यंत्र लावून ऑपेरागायक एन्रिको कारुसोच्या दहा चिजा ध्वनिमुद्रित करतो, मोबदला १०० पौंड. त्याच वर्षी नोव्हेंबरात हाच माणूस कोलकात्याला येऊन गौहर जानचं गाणं घेतो. ऑपेराची तबकडी आणि आपल्या गाण्याची तबकडी एकाच माणसाच्या हातून, एकाच वर्षात.

मुंबई-पुण्यात जुन्या एलपी मिळतात कुठे?

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, तो एक हक्काचा कोपरा गेला. आता चोरबाजार, पुण्यात जुना बाजार, आणि ऑनलाइन. पण खरा माल निघतो तो जुन्या घरांतून, पारशी कॉलनीतली, वांद्र्याची, गोव्यातली घरं, जिथे आजोबा हे सगळं ऐकायचे आणि नातवंडांना जागा पाहिजे. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापलेल्या भारतीय एलपीही बऱ्याच दिसतात. कव्हर जरा पातळ, पण ताट, म्हणजे आतली तबकडी, चांगलं राखलेलं असेल तर आवाजात मला तक्रार नाही.

आणि हे सगळं जिवंत ऐकायचं असेल तर मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. रेकॉर्डवर प्रेम असणाऱ्याने वर्षातून एकदा तरी खऱ्या चेलोसमोर बसावं.

सेकंडहँड खोका घेताना बघायचं काय?

आधी वास घ्या. कुबट वास म्हणजे बुरशी, कव्हरची आणि ताटाचीही. मग प्रत्येक ताट बाहेर काढून ट्यूबलाइटखाली तिरकं धरा, मधल्या भोकाभोवती पांढऱ्या रेघा असतील तर आंधळेपणाने शंभर वेळा चढवलेलं ताट आहे. सगळ्या ताटांवरचा नंबर एकच मालिकेतला आहे का बघा. मी एकदा घाईत ‘कार्मेन’चा खोका घेतला, ट्रेनमध्ये उघडला तर तीनातलं एक ताट ‘काव्हालेरिया’चं. परत गेलो तर विकणारा म्हणाला, साहेब तेही इटालियनच आहे ना. कार्मेन फ्रेंच आहे हे त्याला सांगत बसलो नाही.

आणि एक. एका ताटावर बाजू १ आणि मागे ६, दुसऱ्यावर २ आणि ५ असं दिसलं तर घाबरू नका, छपाईची चूक नाही. जुन्या ऑटोमॅटिक चेंजरवर ताटं एकावर एक पडायची, मग गठ्ठा उलटा करून परत, त्यासाठी तशी जोडी लावलेली. मी महिनाभर मूर्खासारखा पहिल्या बाजूनंतर सहावी ऐकत होतो आणि विचार करत होतो की ही मेली कशी एवढ्या लवकर.

पावसाळ्यात काय करता?

उभी ठेवायची, आडवा गठ्ठा कधीच नाही. भिंतीपासून चार बोटं लांब. आतली कागदी पिशवी बदलायची, सिलिका जेलच्या पुड्या, आणि ऊन पडलं की कपाट उघडं. धुवायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचा एकच थेंब, मऊ कापड, लेबल कोरडं ठेवून.

आजोबांच्या ७८ च्या तबकड्या सापडल्यात, कारुसो लिहिलंय. लाखोंच्या असतील?

बहुधा नाही, कारुसो जगभर प्रचंड खपला. पण टाकू नका, आणि एलपीच्या सुईवर तर अजिबात लावू नका, खोबण रुंद असते, त्याला वेगळी जाड सुई लागते. स्पिरिटने पुसू नका, ती लाखेची आहे, विरघळेल.

एखादी रेकॉर्ड ऐकायला नेऊ का? आठवड्यात आणून देतो.

टोस्काचा खोका असाच एका मित्राने नेला. ताटं परत आली, आठवड्यातच. पुस्तक राहिलं. ‘अरे, दुसरा अंक वाचतोय’ म्हणतो. त्याला आता तीन वर्षं झाली.